हातकागद आणि नैसर्गिक धाग्यांच्या कलाकृतींचं फिरतं प्रदर्शन पुण्याहून कोकणात न्यायचंय. कागद सादळू नये म्हणून काय करावं?

आधी पावसाळा टाळा. हातकागद हवेतली ओल पितो, फुगतो आणि सुकताना आकसतो. चारही कडा चिकटवल्या असतील तर लाटा येतात, कधी फाटतोही. म्हणून फक्त वरच्या कडेला, जपानी कोझो कागदाच्या (तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा पातळ, चिवट कागद) बारीक पट्ट्यांवर गव्हाच्या चिकाची खळ लावून टांगा. कुरडयांसाठी काढतो तसाच चीक, पण पुन्हा पुन्हा धुऊन निवळलेला. सेलोटेप नकोच! फ्रेमची काच कागदाला टेकू देऊ नका. नव्या गावी पेट्या २४ तास न उघडता ठेवा, तिथली हवा आत हळूहळू मुरू द्या. प्रकाश ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास, म्हणजे मंदच, पुरे. काथ्या, घायपात, केळीच्या सोपाची कामं वेगळ्या पेटीत. त्यातली कीड कागदात शिरते.