गुलमर्गच्या हिवाळी स्पर्धा पाहायला जाताना

गोव्यातल्या फोंड्याहून सत्तर वर्षांवरच्या वडिलांना आणि शाळकरी मुलीला घेऊन 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धा पाहायच्या असतील तर लेहला जावे की गुलमर्गला, असे तुम्ही विचारले आहे. वडील सोबत असतील तर गुलमर्गलाच जावे. खरे तर फुटबॉलवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना लेहची आइस हॉकी अधिक रुचेल, कारण सारा सामना फातोर्ड्याच्या फुटबॉल स्टेडियमच्या गॅलरीत बसल्यासारखा समोर घडतो. परंतु लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे आणि समुद्रकाठाहून विमानाने थेट तिथे उतरणाऱ्याला पहिले दोन दिवस विश्रांतीतच काढावे लागतात. गुलमर्गची उंची सुमारे 2,650 मीटर आहे.

तारखांचे मात्र सांभाळा. 2025 साली गुलमर्गच्या स्पर्धा 22 फेब्रुवारीला सुरू व्हायच्या होत्या. बर्फच पुरेसा पडला नाही म्हणून त्या पुढे ढकलल्या गेल्या आणि 9 ते 12 मार्चला झाल्या. काश्मीरचा बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांवर अवलंबून असतो आणि ते लांबले की कोणाचेच काही चालत नाही. मी फेब्रुवारीची विमानाची तिकिटे आधीच काढून बसलो होतो. पैसे बुडाले आणि मार्चमध्ये पुन्हा रजा मागताना साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. म्हणून थोडे महाग पडले तरी तारीख बदलता येईल असेच तिकीट घ्या.

तिथे नेमके काय दिसते, हे मुलीला आधी समजावून सांगा. जायंट स्लालममध्ये, म्हणजे उतारावर रोवलेल्या खांबांमधून वळणे घेत खाली येण्याच्या स्कीइंग शर्यतीत, खेळाडू एकामागोमाग एक उतरतात, प्रत्येकाच्या दोन फेऱ्यांच्या वेळांची बेरीज होते आणि अंतिम रेषेपाशी उभ्या असलेल्या प्रेक्षकाला प्रत्येक खेळाडू जेमतेम काही क्षण दिसतो. पायथ्याच्या टंगमर्ग भागातल्या आरिफ खान यांनी 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात 45 वा क्रमांक मिळवला होता आणि त्या ऑलिंपिकमध्ये ते भारताचे एकमेव खेळाडू होते. एवढे ठाऊक असले तरी त्या उतारावरची चुरस तिला अधिक कळेल. कोंगडोरीच्या उताराकडे नेणाऱ्या गंडोलाचे, म्हणजे केबल कारचे, तिकीट आधीच ऑनलाइन काढा. वडिलांना वरच्या, अफरवाट शिखराकडच्या टप्प्यावर नेऊ नका. तो सुमारे 3,950 मीटरपर्यंत जातो.

भारी बूट विकत घेऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात शेतात घालतात तसलेच गमबूट आणि जाड कोट टंगमर्गला भाड्याने मिळतात. आत लोकरीचे मोजे मात्र घरूनच न्या. बर्फ असला तर तिथून वर चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक गाडी करावी लागते, तिचे भाडे बसण्यापूर्वीच ठरवा. आणि गोव्याचे प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, तेव्हा घरातला एक तरी क्रमांक पोस्टपेड असू द्या.