मॉडेल ए च्या हॉट रॉडमध्ये फ्लॅटहेड व्ही-८ घालावं की शेवरलेचं ३५०?

तुम्ही विचारलंय की फोर्ड मॉडेल ए या जुन्या गाडीवर हॉट रॉड (जुन्या गाडीत दणकट इंजिन घालून केलेली हौशी गाडी) बांधताना सत्तर वर्षांपूर्वी बंद झालेलं फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलेंडरचं) इंजिन घालण्यात काही अर्थ आहे का, की शेवरलेचं ३५० घन इंचांचं व्ही-८ आणून मोकळं व्हावं. रोज गाडी काढणार असाल तर ३५० घ्या. बॉनेट न लावता फिरवणार असाल आणि शनिवार-रविवार हात काळे करायची हौस असेल, तर फ्लॅटहेड.

मी मिशिगनमध्ये राहतो. शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये तीन हिवाळे पाना धरून उभा राहिलोय, त्यामुळे माझं मत थोडं फ्लॅटहेडकडे झुकलेलं आहे. ते गृहीत धरूनच वाचा.

हे इंजिन फोर्डनं १९३२ साली काढलं. २२१ घन इंच, ६५ अश्वशक्ती. तोवर व्ही-८ ही महागड्या गाड्यांची चीज होती. फोर्डनं दोन्ही बाजूंचे सिलेंडर आणि क्रँककेस एकाच ओतीव ब्लॉकमध्ये आणले आणि ती सामान्य माणसाच्या गाडीत बसवली. पुढं हीच इंजिनं भंगारात स्वस्तात मिळायला लागली आणि पोरांनी ती उचलली. अमेरिकेत फोर्डच्या गाड्यांत ते १९५३ पर्यंत टिकलं, तेव्हा ताकद होती ११० अश्वशक्ती. १९५५ मध्ये शेवरलेचं २६५ घन इंचाचं व्ही-८ आलं, १६२ अश्वशक्तीचं, आणि फ्लॅटहेडची सद्दी संपली.

ती का संपली ते समजलं की बाकीचे तोटे आपोआप कळतात. फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रण आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, सिलेंडरवरच्या हेडमध्ये नाहीत, सिलेंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच आहेत. हेड म्हणजे नुसतं झाकण. पेट्रोल-हवेचं मिश्रण खालून वर येतं, वळतं आणि मग पिस्टनवर उतरतं. कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण, वाढवायला झाकणाखालची जागा कमी करावी, तर मिश्रणाची वाटच अरुंद होते. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं. त्यामुळे दोन कार्ब्युरेटर, चांगली हेड आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घालून दीडशे अश्वशक्तीच्या आसपास पोचलात तरी पुष्कळ झालं. नवंकोरं तयार ३५० त्याच्या जवळपास दुप्पट देतं, तेही हेड न उघडता. अर्थात मॉडेल ए इतकी हलकी की दीडशेसुद्धा अंगावर येतात.

माझ्या मते ताकद हा किरकोळ मुद्दा आहे. खरी डोकेदुखी उष्णतेची. जळालेला वायू सिलेंडरांच्या मधून, ब्लॉकच्या पोटातून बाहेर पडतो. एका बाजूला चार सिलेंडर आणि तोंडं तीनच, कारण मधल्या दोघांची वाट एक. एवढी सगळी धग पाण्याला आणि रेडिएटरला झेलावी लागते. म्हणून याला दोन वॉटर पंप आहेत, आणि तरी उन्हाळ्यात सिग्नलला थांबलात की काटा वर सरकायला लागतो. फ्युएल पंपही मॅनिफोल्डच्या (सिलेंडरांना मिश्रण वाटून देणाऱ्या भागाच्या) मागच्या टोकाला, नेमका गरम जागी, त्यामुळे पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते. आजोबा त्या पाइपावर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावतात. ही इथली जुनी रीत आहे. उपयोग होतो का? मला नाही वाटत. पण चिमटे काढू का म्हणून विचारायची माझी छाती नाही.

याच तापण्या-निवण्यानं ब्लॉकला तडे जातात. व्हॉल्व्ह सीटपासून सिलेंडरपर्यंत, नाहीतर हेडच्या बोल्टच्या भोकापर्यंत. आमचा पहिला ब्लॉक १९४६-४८ च्या जातीचा, ५९एबी नावाचा. बाहेरून देखणा. आम्ही आधी त्याच्यासाठी अॅल्युमिनियमची हेड घेतली, मॅनिफोल्ड घेतलं, मग ब्लॉक मशीन शॉपला नेला. धुऊन, चुंबकानं तपासल्यावर तीन ठिकाणी तडा. सहा महिने पाण्यात. वर ती हेडही दुसऱ्या ब्लॉकला बसेनात, कारण तो १९४९ पासूनच्या जातीचा, ८बीए नावाचा, निघाला आणि त्याची पाण्याची भोकं वेगळ्या जागी.

सुटे भाग मात्र सहज मिळतात. गॅस्केट, पिस्टन, हेड, अगदी स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटरसुद्धा नवे बनतात. कमी झालेत ते हे इंजिन जाणणारे हात. साध्या गॅरेजवाल्याला सांगितलंत की यातले बरेचसे हेड-बोल्ट थेट पाण्यात उतरतात, आट्यांना सीलंट लाव, तर तो आपल्याकडे बघत राहतो.

मग घालायचं कशासाठी? पहिलं कारण दिसणं. उघड्या हॉट रॉडचा चेहरा म्हणजे इंजिन, आणि ३५० इतकं सगळीकडे असतं की लोक बघून पुढं जातात. फ्लॅटहेडपाशी थांबतात. दुसरं, ते मापात बसतं. अंगानं अरुंद, डिस्ट्रिब्युटर पुढं. शेवरलेचा डिस्ट्रिब्युटर मागं असल्यानं बऱ्याचदा फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांमधला पत्रा) कापून आत खळगा करावा लागतो. तिसरं कारण आवाज. तो लिहून सांगता येत नाही, कोणाच्या तरी गाडीमागं दोन मिनिटं उभे राहा.

इंजिन कुठलंही घ्या, मॉडेल ए चे सळ्यांवर चालणारे ब्रेक आधी काढा आणि हायड्रॉलिक बसवा.

फ्लॅटहेडच ठरलं, तर माझ्या मते ८बीए बघा. त्याची बेलहाउसिंग (इंजिन गिअरबॉक्सला जोडणारं कवच) सुटी होते, आणि त्याच काळातल्या मर्क्युरी या फोर्डच्याच ब्रँडचा ४ इंची स्ट्रोकचा (पिस्टनच्या वर-खाली धावेचा) क्रँक त्यात बसतो, म्हणजे २३९ चे २५५ घन इंच होतात. चकचकीत सामान नंतर घ्या. पैसे मोजण्याआधी ब्लॉक उकळून साफ करून तडे आणि प्रेशर दोन्ही तपासून घ्या, सिलेंडर आधी किती बोअर झालेत, म्हणजे आतून कोरून किती रुंद केलेत, ते मोजा. विकणारा तपासू देत नसेल आणि ‘ठेवलं तेव्हा चालू होतं’ एवढंच म्हणत असेल, तर भंगाराचा भाव सांगा आणि गाडीत येऊन बसा. आमच्या वेळी त्यानं मागून हाक मारली होती.