विजेतेपदाच्या शर्यतीतल्या एनएफएल संघानं क्वार्टरबॅक कसा निवडावा: चुका टाळणारा अनुभवी की जोरदार हाताचा तरुण?

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग आणि क्वार्टरबॅक म्हणजे पास फेकून हल्ला चालवणारा खेळाडू. आधी आपली बचावफळी बघा, क्वार्टरबॅक नंतर. ती जानेवारीत, म्हणजे प्लेऑफच्या बाद फेरीतही समोरच्याला १७-१८ गुणांत रोखणारी असेल, तर चेंडू न गमावणारा घ्या. २०१५ च्या डेन्व्हरनं तर बचावफळीच्या भरवशावर चुका करणाऱ्या अनुभवीलाही ठेवलं. नियमित हंगामात पेटन मॅनिंगचे टचडाउन (गुण मिळवून देणारे पास) ९ आणि इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास) १७. शेवटचे सात सामने ब्रॉक ऑस्वायलरनं सुरू केले, तरी प्लेऑफला मॅनिंगच परतला. सुपर बोलमध्ये (अंतिम सामन्यात) त्याचे पासचे यार्ड जेमतेम १४१, पण डेन्व्हर २४-१० नं जिंकलं, कारण बचावफळीतला व्हॉन मिलर आणि मंडळी. मात्र अशी बचावफळी क्वचितच जुळते आणि दोन वर्षंही टिकेल याची खात्री नसते.

बाकीच्या संघांनी कमाल क्षमता जास्त असलेला, बहुधा तरुण, निवडावा, असं माझं स्पष्ट मत. कॅन्सस सिटीचा ॲलेक्स स्मिथ २०१७ मध्ये पासर रेटिंगमध्ये (पास किती परिणामकारक याचा आकडा) लीगमध्ये पहिला होता: २६ टचडाउन, फक्त ५ इंटरसेप्शन. तरी प्लेऑफमध्ये टेनेसीविरुद्ध मध्यंतराला २१-३ नं पुढे असलेला संघ २२-२१ नं हरला. लगेच स्मिथचा वॉशिंग्टनशी सौदा ठरला आणि २०१८ मध्ये पॅट्रिक महोम्सनं ५० टचडाउन पास दिले. पण त्याआधी महोम्स जवळजवळ अख्खं वर्ष स्मिथच्या मागे बसून होता आणि सुरुवात मिळाली ती फक्त शेवटच्या सामन्यात, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

तुलना करताना जय-पराजय बाजूला ठेवा, तो संघाचा असतो. सामन्यांच्या फिल्ममधून थर्ड डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) ७ किंवा जास्त यार्ड हवे असलेले खेळ वेगळे काढा; प्लेऑफमध्ये सामना तिथेच फिरतो. स्क्रीन पासवर (अगदी जवळच्या छोट्या पासवर) रिसीव्हरनं, म्हणजे पास झेलणाऱ्यानं, पळून मिळवलेले यार्ड वजा करा. बचावपटूच्या हातातून सुटलेले पास इंटरसेप्शनच्या जोडीला मोजा, कारण पुढच्या वेळी ते सुटणार नाहीत. मग सॅकचं (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडण्याचं) प्रमाण: सॅक भागिले पासचे प्रयत्न अधिक सॅक. ६-७ टक्के साधारण, ८ च्या वर गेलं की सावध. दोष लाइनवर (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीवर) ढकलला जातो, पण चेंडू जास्त वेळ धरून ठेवणारा संघ बदलला तरी सॅक खातोच.

तरुण खेळाडू अडखळतो तो बहुतेक वेळा स्नॅपआधी, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याआधी. प्ले क्लॉकवर (खेळ सुरू करायला दिलेल्या वेळेच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की हेल्मेटमधला प्रशिक्षकाशी जोडणारा रेडिओ बंद होतो. त्यानंतर ब्लिट्झ (जादा बचावपटूंचा हल्ला) कुठून येतोय हे ओळखणं, लाइनची रचना बदलणं, गरज पडल्यास खेळच बदलणं, सगळं त्याच्या एकट्यावर. इथे चुकला की एक बचावपटू मोकळा सुटतो आणि चेंडू हातातून निसटतो. हे प्रीसीझनच्या (हंगामाआधीच्या) सामन्यांत नीट दिसत नाही, कारण समोरचे साधं कव्हरेज (रिसीव्हरवरचा पहारा) खेळतात आणि अर्धे राखीव असतात. दुसऱ्या संघाबरोबरच्या संयुक्त सरावात जास्त कळतं.

निर्णय ऑगस्टच्या मध्याच्या पुढे ढकलू नका. रिसीव्हर वळायच्या आधी चेंडू हातातून सुटायला हवा आणि ते जमतं फक्त एकत्र सरावानं. पहिल्या फळीबरोबरचे खेळ दोघांत अर्धे-अर्धे वाटले, तर दोघंही कच्चे राहतात.

हंगामाच्या मध्ये बदल करायचा तर ठोस कारण हवं. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हाच स्मिथ ७० टक्के पास पूर्ण करत होता. डोक्याला मार लागून तो बाहेर गेला आणि बरा झाल्यावरही प्रशिक्षक जिम हार्बॉनं राखीव कॉलिन केपर्निकलाच ठेवलं. केपर्निकच्या पळण्यामुळे बचावपटूंना अडवायचं कोणाला, धावपटूला की क्वार्टरबॅकला, असा पेच पडायचा, म्हणजे खेळाचे नवे पर्याय खुले झाले. संघ सुपर बोलपर्यंत गेला, ३४-३१ नं हरला. नुसता ‘जोश हवा’ म्हणून केलेला बदल दोन सामन्यांत उघडा पडतो; तोवर प्रतिस्पर्ध्यांकडे फिल्म जमते.

राखीवही याच निवडीचा भाग समजा. २०१७ च्या डिसेंबरात फिलाडेल्फियाच्या कार्सन वेंट्झचा गुडघा गेला आणि राखीव निक फोल्सनं सुपर बोल ४१-३३ नं जिंकून दिला. राखीवाला जमणारे खेळ प्रशिक्षकांकडे वेगळे काढलेले असावेत, आणि सेंटरबरोबर (चेंडू मागे देणाऱ्याबरोबर) स्नॅपचा सराव दर आठवड्याला थोडा तरी व्हावा.