‘आमेन’ नेमकं कुठं म्हणायचं?

(वाचकांचे प्रश्न, टीचरची उत्तरं)

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की जानेवारीतल्या ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेला आमच्याकडं मेथडिस्ट (आम्ही, प्रोटेस्टंटांतला एक पंथ), कॅथलिक सगळे एका हॉलमधे बसलो आणि येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणताना मधेच अर्धा हॉल थांबला नि अर्धा पुढं चालत राहिला. त्यावर इतके मेसेज येतील असं काय मला वाटलं नव्हतं. सगळे छापणं शक्य नाही, पाच घेतलेत. नावं कुणाचीच देत नाही, आपलं बेळगाव केवढं, कॅम्पात शिंकलं की टिळकवाडीत ‘काळजी घे’ म्हणतात.

खानापूर तालुक्यातून एक बहीण लिहिते: टीचर, मी बेळगावची, मेथडिस्ट. लग्नाला दीड वर्ष झालं, सासर कॅथलिक, घरात कोंकणी. रोज संध्याकाळी सातला सासूबाई तेर्स (जपमाळेची प्रार्थना, रोझरी) सुरू करतात, सगळे बसतात, मी स्वयंपाकघरात भाकऱ्या करत राहते कारण मला मरियेची प्रार्थना म्हणायला जमत नाही, मन घेत नाही. सासूबाईंना वाटतंय मी मुद्दाम करायलीय. तिकडं आई फोनवर विचारते, तू मूर्तिपूजा करायला लागलीस काय. आता सातवा महिना आहे आणि बाळाचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चमधे ह्यावरून दोन्हीकडून फोन. मी काय करू?

अगं, ही भाकरीची युक्ती जुनी आहे. माझे मिस्टर लोंढ्याचे, रेल्वेतले, कॅथलिक. मी मेथडिस्ट घरातली. मी पण सात वाजले की बरोबर कणीक मळायला घ्यायचे. सहा महिने चाललं ते. मग एक दिवस सासूबाईच म्हणाल्या, तुझी कणीक रोज ह्याच वेळेला कशी काय गं भिजते?

मग आम्ही दोघी बसलो, आणि त्यांनी मला जे दाखवलं ते तुला सांगते. ‘नमान मोरिये, कुर्पेन भरलेले’ हा जो पहिला अर्धा भाग आहे ना, तो तुझ्याच बायबलमधे आहे, लूकचा पहिला अध्याय काढ, 28 व्या वचनात देवदूत बोलतो आणि 42 व्या वचनात मरियेची नातलग अलीशिबा बोलते, ते दोन्ही जोडलं की झाली प्रार्थना. ‘देवाचे माये, आम्हां पाप्यांखातीर विनंती कर’ हा दुसरा भाग ख्रिस्तसभेनं नंतर जोडला, आणि आपल्याला अडतं ते तिथंच. बरोबर? आता गंमत बघ. तेर्स म्हणताना जो पुढं असतो तो पहिला अर्धा म्हणतो आणि बाकीचे दुसरा अर्धा म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, मग तूच पुढं हो की. शास्त्राचा भाग तू म्हण, आमचा आम्ही म्हणतो. झालं. कित्येक वर्षं आमच्या घरी तेर्स मेथडिस्ट सुनेनं चालवलीय, आणि मी एकही शब्द असा म्हटला नाही जो मला पटत नव्हता. तुझ्या सासूबाई ह्याला तयार होतील की नाही हे मला कसं कळणार, पण विचारून तर बघ, आणि विचारताना हात पिठात नकोत.

आईला सांग, तेर्स म्हणताना मनात आणतात ती आनंदाची पाच रहस्यं म्हणजे देवदूताचा निरोप, अलीशिबेची भेट, येशूचा जन्म, मंदिरात अर्पण आणि बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडणं, हे सगळं आपण संडे स्कूलमधे चित्रं रंगवत शिकलेलंच आहे. आणि ज्याच्यापासून आपण प्रोटेस्टंट झालो त्या मार्टिन लूथरनं स्वतः 1521 साली मरियेच्या गीतावर प्रेमानं लिहिलंय. त्यापेक्षा आईला एकदा सातला घरी बोलव, ऐकू दे तिला.

बाप्तिस्म्याचं. हे बघ, लग्नाच्या वेळी तुझ्या नवऱ्यानं वचन दिलं असणार, मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा मिळावा म्हणून जमेल ते सगळं करीन असं, त्याशिवाय बिशपांची परवानगी मिळत नाही, आणि तुलाही ते सांगितलेलं असणार. तेव्हा आता ते नवीन कळल्यासारखं करू नकोस. पण आईला जी भीती आहे की बाळ ‘आपलं’ राहणार नाही, तिला आधार नाही. पाण्यानं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा ह्यांच्या नावानं दिलेला मेथडिस्ट बाप्तिस्मा कॅथलिक लोक मानतात, तुला कुणी परत पाणी घातलं नाही ना? आणि त्यांचा आपण मानतो. बाळाचा एकच होणार, तो दोन्हीकडं चालणार. आणखी एक गोष्ट जी फारशी कुणी सांगत नाही, ती म्हणजे कॅथलिक गॉडफादर किंवा गॉडमदरच्या जोडीला तुझी मेथडिस्ट बहीण साक्षीदार म्हणून उभी राहू शकते, त्यांच्याच नियमात आहे ते. फादरना आत्ताच जाऊन विचार, आदल्या दिवशी नको.

एक गोष्ट मात्र मी गोड करून सांगणार नाही. मिस्साच्या, म्हणजे त्यांच्या उपासनेच्या वेळी सगळं घर उठून कम्युनियनला (प्रभुभोजनाला) जाईल आणि तू बाकावर बसशील. चाळीस वर्षं होत आली मी बसतेय. आमच्या चर्चमधे प्रभुभोजनाला पाळकसाहेब सगळ्यांना बोलवतात, पण मिस्टर त्यांच्या चर्चचा नियम म्हणून तिथं बसून राहतात. तिकडं मी बसते, इकडं ते. काही लोक म्हणतात काय होतंय, जा की गपचूप, कोण बघतंय. मी नाही गेले. दुखतं ते, आणि ते दुखणं लपवून एकी झाली असं मला म्हणता येत नाही. पण ते परत येऊन शेजारी बसताना माझा हात धरतात, एवढं आहे.

निपाणीहून एक तरुण: येशू एक, बायबल एक, मग गावागणिक वेगळं चर्च कशाला? आता तर एक नवीन फेलोशिप आलीय, ते म्हणतात लहानपणीचा बाप्तिस्मा धरत नाही, वेदगंगेत बुडून परत घ्या. मित्र घेऊन बसलेत. मी गोंधळलोय.

बाबा, तू मेथडिस्ट का प्रेस्बिटेरियन हे तुझ्या पणजोबांनी अभ्यास करून ठरवलं असं तुला वाटतंय काय? कुठला साहेब कुठल्या गावात बिस्तरा टाकून राहिला त्यावरून ठरलं ते. बेळगावात 1820 ला लंडन मिशनवाले आले, त्यांनी 1904 मधे इथलं काम अमेरिकन मेथडिस्टांकडं दिलं, म्हणजे कित्येक घरं रात्री एका मिशनची म्हणून झोपली नि सकाळी दुसऱ्या मिशनची म्हणून उठली. तिकडं कोल्हापूरला 1852 ला अमेरिकन मिशनरी आले, पुढं ते काम प्रेस्बिटेरियनांकडं गेलं. मिशनवाल्यांनी आपसात वाटून घेतलं होतं, हा भाग तुमचा, तो आमचा, उगीच एकमेकांच्या वाटेत नको म्हणून. हेतू चांगलाच होता पण त्याची कुंपणं आपण अजून राखत बसलोय.

एक व्हायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. 27 सप्टेंबर 1947 ला मद्रासमधे चर्च ऑफ साउथ इंडिया झालं, स्वातंत्र्यानंतर दीड महिन्यात, अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल अशी मंडळी एकत्र आली. मग 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात आमचे मेथडिस्ट, म्हणजे अमेरिकन मिशनकडून आलेले, अगदी शेवटच्या टप्प्यावर मागं फिरले. वऱ्हाड दारात आणि नवरी आत जाऊन कडी लावते तसं. पुढं 1981 ला आपलं वेगळं मेथडिस्ट चर्च इन इंडिया झालं. मी मेथडिस्ट असून सांगते, मला त्याचं वाईट वाटतं.

आता बुडायचं. मोठेपणी, स्वतः विश्वास ठेवून, पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यावा असं मानणारी मंडळी जगात भरपूर आहेत आणि त्यातली खूप माणसं माझ्यापेक्षा जास्त प्रार्थना करणारी आहेत, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण तुझा झालेला आहे. देवानं एकदा सही केलेल्या कागदावर परत सही मागायची काय, हा माझा प्रश्न. तुझ्या मित्रांशी भांडू नकोस, त्यांच्या बायबल स्टडीला जा, चांगलं शिकवत असतील तर शीक, फक्त ‘तुझं खरं नाही’ असं जो रोज म्हणतो त्याच्या बाजूला किती वेळ बसायचं ते तुझं तू बघ. तुमच्याकडचे लोक आजारी पडले की मिरजेला जायचे ना, डॉ. वानलेस ह्यांनी 1894 ला सुरू केलेल्या दवाखान्यात? तिथं बाजूच्या कॉटवरच्या माणसाला प्रार्थना हवी असली तर आपण विचारत बसायचो काय, तुम्ही बुडून का शिंपडून?

बेळगावातून, ‘एक वैतागलेला कमिटी मेंबर’: आमच्या चर्चमधे कुठल्या भाषेची उपासना किती वाजता ह्यावरून दोन वर्षं वाद आहे. मराठी, कन्नड, कोंकणी, इंग्लिश. सकाळची वेळ सगळ्यांना पाहिजे. लोक एकमेकांशी बोलायचे बंद झालेत.

वा. बाहेर पाट्यांच्या भाषेवरून मराठी-कन्नड भांडण चालतं ते कमी होतं म्हणून आत पण.

दादा, माझं मत सरळ आहे, दर महिन्याला वेळा फिरवा. ज्याला सकाळी आठची सवय आहे त्याला एक महिना साडेदहाला येऊ दे, काय मरत नाही. आणि सणाला एकच उपासना, वचन एका भाषेत, गीत दुसऱ्या, प्रार्थना तिसऱ्या. म्हातारी माणसं कुरकुर करतात, करू दे, पण पवित्र आत्मा उतरला तेव्हा प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं असं बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या दुसऱ्या अध्यायात आहे, सगळ्यांना एकच भाषा यायला लागली असं नाही लिहिलेलं. गोव्यात थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटानं (जेझुइट म्हणजे कॅथलिकांचा एक संन्यासी संघ) येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली, 1616 साली छापली, जवळजवळ 11,000 ओव्या, आपल्याकडच्या मराठी लोकांना त्याचा अभिमान, बरोबर आहे. पण आपल्याच जिल्ह्यात देशनूरला जाऊन या एकदा, तिथं जेझुइट स्वामींनी मठाच्या धर्तीवर चर्च बांधलं, भगवे कपडे घातले, आणि योहान बाप्तिस्मा करणाऱ्याला कन्नडमधे ‘स्नानिक अरुळप्पा’ म्हटलं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कान तृप्त झाले. मला कन्नड बाजारापुरतंच येतं, तरी.

कमिटीची पुढची मीटिंग जेवणानंतर ठेवा, रिकाम्या पोटी भाषेवर बोलू नये.

शहापूर भागातून एका ताईंनी शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलंय: मी चार घरची धुणीभांडी करते. शाळा नाही. चर्चमधे बायका केवढी मोठी प्रार्थना करतात, मला चार शब्दाच्या पुढं येत नाही. माझं पोचतंय का?

ताई, पोचतंय. मंदिरात मागं उभा राहून छाती बडवत ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढंच म्हणणारा माणूस नीतिमान ठरून घरी गेला असं येशूच सांगतो, आणि पुढं उभं राहून लांबलचक म्हणणारा तसाच गेला. तुमच्या गल्लीतले वारकरी काय करतात, चालता चालता नाम घेतात, एकच नाम. कवी ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर, म्हणजे 1895 नंतर, येशूची भजनं केली ती असल्या सवयीच्या माणसांसाठीच, टाळावर म्हणता येतील अशी, आणि 1917 मधे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला त्यात बाप्तिस्मा झालेले न झालेले दोघांनाही जागा होती. भांडी घासताना एखादी ओळ म्हणत जा. आणि त्या मोठ्या प्रार्थनावाल्या बायकांमधे मी पण आहे, तेव्हा खरं सांगते, निम्मा वेळ आम्ही देवाशी नाही, शेजारच्या बाकाशी बोलत असतो.

शेवटचा, संडे स्कूलच्या एका मुलाचा, वय 9: टीचर, त्या दिवशी हॉलमधे कोण चुकलं? थांबलेले की पुढं गेलेले?

कुणीच नाही रे. ‘वाइटापासून सोडव’ म्हटल्यावर कॅथलिक लोक थांबतात. आपण पुढं ‘राज्य, पराक्रम, गौरव तुझंच’ असं म्हणतो आणि मग आमेन. लूकच्या शुभवर्तमानात ती शेवटची ओळ नाहीच, मत्तयाच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत पण नाही, पण फार पूर्वीपासून ख्रिस्ती लोक प्रार्थनेत ती म्हणत आलेत. आणि मज्जा म्हणजे मिस्सामधे कॅथलिक लोकपण तीच ओळ म्हणतात, फक्त मधे फादर एक छोटी प्रार्थना म्हणतात, मग सगळे. म्हणजे ते थांबले नव्हते, फादरची वाट बघत होते, आणि फादर बिचारे आमचा आवाज ऐकून गप्प बसले.

पुढच्या जानेवारीत, 18 ते 25 ला, आम्ही ठरवलंय की ‘सोडव’ नंतर सगळ्यांनीच थांबायचं, फादर त्यांची छोटी प्रार्थना म्हणतील, मग पाळकसाहेब हात वर करतील तेव्हा एकदम. तुझं काम काय, तू पहिल्या रांगेत बसायचंस आणि जो हात वर व्हायच्या आधी सुरू करेल त्याच्याकडं वळून बघायचंस. बहुतेक मीच असेन.