फोनमधून पुसलेले फोटो डिस्कवरूनही कसे गेले?

प्रश्न : फोनमधील सुमारे अठरा हजार फोटो कोणत्याही कंपनीच्या क्लाउडवर न ठेवता घरीच असावेत, या विचाराने माझ्या भाच्याने जुन्या संगणकावर लिनक्स बसवून दिले, फोनमध्ये टर्मक्स (लिनक्सच्या आज्ञा फोनवर चालवणारे ॲप) घातले आणि रोज रात्री फोटोंची प्रत डिस्कवर नेणाऱ्या आरसिंक या साधनाची आज्ञा आपोआप चालेल अशी व्यवस्था केली. गेल्या आठवड्यात फोनमधील जागा संपली, तेव्हा डिस्कवर प्रत आहेच या भरवशावर मी २०२२ पर्यंतचे सर्व फोटो फोनमधून पुसले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो डिस्कवरूनही ते नाहीसे! चूक कोठे झाली, फोटो परत मिळतील का आणि ही व्यवस्था ठेवावी की मोडावी? व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंचे काय करावे, हेही सांगावे.
— एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : तातडीचा भाग आपल्याला आधीच कळवला आहे, इतर वाचकांसाठी तो पुन्हा देतो. असे घडल्यावर प्रथम रात्रीची ती आज्ञा बंद करावी आणि डिस्कवर काहीही नवे लिहू नये, कारण पुसलेल्या फाइलची जागा केवळ मोकळी म्हणून नोंदली जाते आणि तेथे दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर बहुधा तसाच राहतो. मग फोनच्या गॅलरीतील कचरापेटी पाहावी. बऱ्याच फोनांत पुसलेले फोटो तेथे काही दिवस राहतात. तेथे न मिळाल्यास फोटोरेक हे मोफत साधन वापरावे, मात्र सापडलेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर उतरवाव्यात. फोटोरेक फाइलींची मूळ नावे परत देत नाही. परंतु फोटोच्या पोटात कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख शिल्लक असते आणि एक्झिफटूल या साधनाने तिच्यावरून पुन्हा नावे देता येतात. आपली डिस्क फिरत्या तबकडीची आहे, म्हणून आशा आहे. एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) असती तर मोकळी झालेली जागा साफ करणाऱ्या ट्रिम नावाच्या सोयीमुळे पुसलेला मजकूर बहुधा लगेचच गेला असता.

आता चुकीविषयी. आपल्या भाच्याने पाठवलेल्या आज्ञेत ‘डिलीट’ हा पर्याय आहे. त्याचा अर्थ असा की, जे उगमस्थानी नाही ते मुक्कामाच्या ठिकाणीही असू नये. आरसिंकने सांगितलेले काम चोख केले. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये लोकांपुढे आणलेले हे साधन दोन ठिकाणे एकसारखी ठेवण्यासाठी आहे आणि बदललेला भागच पाठवत असल्यामुळे त्यात ते फार तरबेज आहे. पण एकसारखेपणा म्हणजे आरसा. समोरचा माणूस उठून गेला की आरशातलाही जातो. हाच पर्याय आणखी एका प्रकारे दगा देतो. फोन फोल्डरला जोडून तेथून प्रत घेणारी व्यवस्था असेल आणि एखाद्या रात्री फोन जोडलाच गेला नाही, तर आरसिंकला रिकामे फोल्डर दिसते आणि ते डिस्कही तितकीच रिकामी करते.

म्हणून व्यवस्था मोडू नये, तो पर्याय काढावा. फोटो हे साठत जाणारे धन आहे. त्यांच्या बाबतीत डिलीटची गरज मला तरी कधी पडलेली नाही. त्याऐवजी ‘लिंक-डेस्ट’ हा आरसिंकचा पर्याय लावून दररोज वेगळ्या तारखेच्या फोल्डरमध्ये प्रत घ्यावी; न बदललेल्या फाइली त्यात हार्ड लिंकच्या रूपाने (म्हणजे त्याच फाइलचे दुसरे नाव, दुसरी प्रत नव्हे) दिसत असल्यामुळे जागा केवळ नव्या फोटोंना लागते. यासाठी डिस्क ईएक्सटी४ सारख्या पद्धतीने फॉर्मॅट केलेली हवी. बाजारातून आलेल्या पोर्टेबल डिस्का पुष्कळदा एक्सफॅट या पद्धतीने फॉर्मॅट केलेल्या असतात आणि तेथे हार्ड लिंक होत नाही. आज्ञेत कोणताही बदल केला की ती आधी ‘ड्राय-रन’ लावून चालवावी; या रंगीत तालमीत काय घडेल ते पडद्यावर दिसते आणि प्रत्यक्षात काहीच हलत नाही. उगमाच्या मार्गाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर फोल्डरच्या आतले सामान जाते, न दिली तर फोल्डरसकट जाते; पुष्कळांचे घोटाळे या एका रेघेपायी होतात.

आरसिंक एरवी फाइलचा आकार आणि वेळ एवढेच पाहते, म्हणून डिस्कवर कुजलेली फाइल त्याच्या नजरेस येत नाही. शा-२५६ च्या आज्ञेने प्रत्येक फोटोचा ठसा (फाइलमधील मजकुरावरून निघणारा, मजकूर बदलला की बदलणारा आकडा) काढून ती यादी जपावी आणि दर तीन-चार महिन्यांनी ताडून पाहावी. त्याच वेळी दहा-वीस फोटो दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडावेत. फोनमधून काही पुसायचे ते यानंतरच.

आपण दोन्ही डिस्का एकाच कपाटात ठेवता, असे पत्रात अन्यत्र लिहिले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांचे काय झाले, हे पार्ल्याच्या माणसाला मी सांगायला नको. दुसरी डिस्क पुण्याला किंवा नाशिकला नातेवाइकांकडे ठेवावी आणि जाण्यायेण्यात बदलत राहावी. परक्या घरी जाणारी प्रत रेस्टिक या पासवर्डने बंद प्रत घेणाऱ्या साधनाने घेतली तर ती कुलूपबंद राहते. मात्र तिचा पासवर्ड हरवला तर फोटो कायमचे गेले, म्हणून तो कागदावर लिहून बँकेच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा.

व्हॉट्सॲपचे फोटो कॅमेऱ्याच्या डीसीआयएम फोल्डरमध्ये नसतात, म्हणून त्यांचा मार्ग आज्ञेत स्वतंत्र द्यावा लागतो. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोंचा आकार लहान केलेला असतो आणि त्यांतील कॅमेऱ्याच्या नोंदीही निघून गेलेल्या असतात. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात येते ती तारीखही फोटो काढल्याची नसते. लग्नामुंजीचे फोटो नातेवाइकांकडून ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावेत, म्हणजे मूळ फाइल मिळते. सुप्रभातवाली चित्रे न्यायचीच असतील तर वेगळ्या फोल्डरमध्ये न्यावीत.