एकदा ‘नको’ म्हटलं की पुन्हा विचारत नाहीत

प्रिय श्रुती (नाव बदललं आहे),

रोटरी क्लबच्या यूथ एक्स्चेंजमधून, म्हणजे परदेशातल्या कुटुंबांत राहून वर्षभर तिथल्या शाळेत शिकायच्या योजनेतून, सोळाव्या वर्षी तू साताऱ्याहून जर्मनीला गेलीस. रात्री पुढ्यात थंड ब्रेड नि चीज येतं, एकदा ‘नको’ म्हटलं की कुणी ‘घे गं थोडं’ म्हणत नाही, म्हणून मी यांना नकोशी आहे, असं तू लिहितेस. जानेवारीत घर बदलेल, तोवर खोलीत बसून दिवस काढू की परत येऊ, हा तुझा प्रश्न.

बाळा, आधी त्या ब्रेडचं. गरम जेवण दुपारी आणि संध्याकाळी ब्रेड, चीज, काकडी, ही जर्मन घरांतली जुनी रीत आहे. आबेंडब्रोट म्हणतात त्याला. घरातले सगळे तेच खातात ना? मग तुझी हेळसांड कुठे झाली? आणि तू ‘नको’ म्हणालीस की ते खरंच नको असं धरतात; पुन्हापुन्हा विचारणं त्यांना जबरदस्ती वाटते. आपला पहिला नकार नुसता संकोचाचा असतो, हे तुझ्या होस्ट आईला कोण सांगणार? भूक असेल तर ‘हो, हवंय’ म्हण. मांस चालत नाही, अंडं चालतं की नाही, तेही स्पष्ट सांग. एखाद्या रविवारी सगळ्यांसाठी वरणभात करू का, असं विचार. सामान मात्र शनिवारीच आण, रविवारी तिथली दुकानं बंद असतात.

मला खरी काळजी वाटते ती फोनची. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. आई सगळं आवरून रात्री साडेदहाला फोन लावते, तेव्हा तिथे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. घर टेबलाशी जमतं नेमकं त्याच वेळी तू दार लावून तासभर रडतेस. त्या माणसांना काय वाटत असेल? ती पैसे घेऊन मुलं ठेवणारी नाहीत, हौसेनं तुला घरी आणलंय त्यांनी. फोन रविवारी दुपारी, आठवड्यातून एकदा कर. श्रुतीच्या आई, तुम्हाला हे जड जाईल, पण रोजच्या फोननं तिचा पाय तिथे रुजत नाहीये.

एक गोष्ट मात्र वेगळी. कुणाच्या वागण्यानं भीती वाटली, नको तसा स्पर्श झाला, किंवा मागूनही पोटभर मिळालं नाही, तर जुळवून घेत बसायचं नाही. रोटरीनं तुला काउन्सेलर दिलाय, तो होस्ट घरातला नसतो तो याचसाठी. त्याच दिवशी त्याला सांग, आईबाबांनाही सांग. तेव्हा फोनचा कुठलाही नियम लागू नाही.

जानेवारीतल्या घरावर फार भिस्त ठेवू नकोस. वर्षात एकाहून जास्त घरं हा रोटरीचा नेहमीचा शिरस्ता आहे, आणि तिथेही संध्याकाळी बहुधा ब्रेडच असेल. नव्या घरात महिनाभर राहा. त्यानंतरही मन लागलं नाही तर ये परत. तुला कुणी हरलीस म्हणालं, तर त्यांना माझ्याकडे पाठव.

तुझी,
मावशी