मूल माती खाते तेव्हा

‘मूल जेवत नाही, पण माती आणि भिंतीचे पोपडे मात्र खाते’ ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा येते की, तिच्यापाठोपाठ येणारी वाक्येही आता ठाऊक झाली आहेत : ‘कॅल्शियम कमी असेल’ आणि ‘सवय मोडायला काहीतरी सांगा’. साडेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन आलेल्या एका आईनेही तीच वाक्ये त्याच क्रमाने उच्चारली. वागणुकीआधी शरीर तपासावे, या माझ्या नियमानुसार मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. हिमोग्लोबिन ८.२ निघाले, या वयात ते ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात. माती खाण्यामागे कॅल्शियमपेक्षा लोहाचीच कमतरता अधिक वेळा आढळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांना रक्तक्षय होता; मग दोष एकट्या आईला का द्यावा?

औषध सुरू झाले, तरी जेवणावरून होणारे रोजचे भांडण थांबेना.

‘दिवसभरात तिच्या पोटात काय काय जातं?’

‘सकाळी दूध, अकराला दूध, जेवली नाही की दूध, झोपताना दूध. दूध पिते, म्हणून तर मी निश्चिंत असते.’

‘ते कमी केलं तर?’

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘सासूबाई म्हणतील, पोरीला उपाशी ठेवते.’

दूध मुलीच्या भुकेसाठी नव्हते, ते आईच्या बचावासाठी होते. दुधात लोह अत्यल्प असते, त्यातील कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते आणि भरल्या पोटी मूल जेवत नाही. ताटात काय आहे, यापेक्षा ताटाभोवती कोण बसले आहे, हे मी आधी पाहते. बहुतेक गाठी तिथेच सापडतात. पुढच्या भेटीला मी सासूबाईंना बोलावले.

‘आमची मुलं दुधावरच वाढली,’ त्या ठामपणे म्हणाल्या.

‘आणि बाळंतपणात सुनेला अळिवाचे लाडू कोणी करून घातले?’

‘मीच की!’

‘अळिवात लोह भरपूर असतं. आता नातीला अळिवाचे लाडू तुम्हीच करून घालायचे.’

त्यांचा चेहरा पालटला. आरोप करणाऱ्या बाईला काम मिळाले की आरोप आपोआप गळून पडतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

मग ठरले ते असे : दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणि जेवणाच्या वेळेपासून दूर, मटकीच्या उसळीवर लिंबू, चालत असल्यास अंडे आणि मासे, चहा मुळीच नाही. काय आणि केव्हा वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे ते मुलीने; भरवण्यासाठी मोबाइल नको आणि मागे धावणेही नको. जंतांचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे.

काही आठवड्यांत माती सुटली आणि आईने विचारले, ‘आता लोहाचं औषध बंद करू?’ नाही. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही शरीरातील लोहाचा साठा भरून येण्यासाठी ते साधारण दोन-तीन महिने, डॉक्टर सांगतील तोवर, चालू ठेवावे लागते. ते दुधासोबत देऊ नये आणि शौचाचा रंग काळा झाला तरी घाबरू नये.